मुंबईच्या लोकलला ज्याचं नाव पडलं, त्या बम्बार्डियरने बर्फावर धावणारी गाडी का बनवली?

पावसाळा आला की खारेपाटणची बातमी ठरलेली असते. शुक नदीला पूर आला, पाणी बाजारपेठेकडे सरकलं, आजूबाजूच्या वाड्यांचे रस्ते पाण्याखाली गेले. मुंबई-गोवा महामार्गाने सिंधुदुर्गात शिरलं की सुरुवातीलाच लागणारं हे गाव. एकेकाळी विजयदुर्गच्या खाडीतून गलबतं इथवर यायची. म्हणजे ज्या पाण्याने गाव मोठं केलं, तेच पाणी पावसाळ्यात गावाची वाट अडवतं.

अशा दिवशी घरात कुणी आजारी पडलं तर पहिला प्रश्न औषधाचा नसतो. पलीकडे जायचं कसं, हा असतो.

खारेपाटणचं पाणी एक-दोन दिवसांत उतरतं. पण समजा, पाण्याच्या जागी बर्फ आहे, तो माणसाच्या कमरेएवढा साचलाय आणि तीन-चार महिने हलणार नाही. मग काय कराल?

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातली खेडी शंभर वर्षांपूर्वी दर हिवाळ्यात अशीच अडकायची. मोटारी आल्या होत्या, पण बर्फ पडला की त्या चार ठोकळ्यांवर चढवून, झाकून ठेवायच्या आणि पुन्हा घोड्याची घसरगाडी बाहेर काढायची. तिथल्याच एका गॅरेजवाल्याने यावर उत्तर शोधलं. त्याचं आडनाव तुम्ही ऐकलेलं आहे. मुंबईत कामाला असाल तर त्या नावाच्या लोकलने प्रवासही केला असेल.

त्याचं नाव जोसेफ-आर्मांड बम्बार्डियर. हे आडनाव तिकडच्या फ्रेंचमध्ये बोंबार्डिये असं म्हणतात, पण मुंबईच्या लोकलने ते आपल्याकडे बम्बार्डियर म्हणून रुळवलंय.

सेमिनरीतला पोरगा आणि फोर्डचं जुनं इंजिन

जोसेफचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा. गाव वाल्कूर. वडील शेतकरी, पुढे दुकानदारीत आले. आठ भावंडांत हा सगळ्यात थोरला.

पोराला लहानपणापासून एकच नाद होता, जे दिसेल ते उघडायचं आणि त्यातून दुसरं काहीतरी बनवायचं. जुन्या घड्याळांची चाकं काढून तो चालणारी खेळणी करायचा. आईवडिलांच्या मनात मात्र वेगळं होतं. घर कॅथलिक आणि श्रद्धाळू. थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावं, असं त्यांना वाटायचं. म्हणून चौदाव्या वर्षी त्याला शेरब्रुक शहरातल्या सेमिनरीत पाठवलं. तिथे त्याचं मन काही लागलं नाही.

घरातल्या यंत्रांची मोडतोड थांबावी म्हणून म्हणा किंवा लाडाने म्हणा, वडिलांनी त्याला फोर्ड मॉडेल टी गाडीचं एक जुनं इंजिन देऊन टाकलं. पंधरा वर्षांच्या जोसेफने धाकटा भाऊ लिओपोल्डला हाताशी धरलं. एका घसरगाडीवर ते इंजिन बसवलं आणि मागे विमानाला असतो तसा पंखा लावला.

३१ डिसेंबर १९२२. वाल्कूरच्या लोकांनी पाहिलं, घोडा नाही, चाक नाही आणि एक घसरगाडी कानठळ्या बसवत गावातल्या बर्फावरून पळतेय. पुढे बसलेला लिओपोल्ड गाडी वळवत होता, मागे जोसेफ इंजिन सांभाळत होता.

लोकांना मजा वाटली, वडिलांना घाम फुटला. तो उघडा पंखा कुणाचाही हात तोडू शकला असता. त्यांनी गाडी तिथल्या तिथे मोडायला लावली.

गाडी मोडली, पण जोसेफच्या डोक्यातून गेली नाही.

सतराव्या वर्षी त्याने सेमिनरी सोडली, ती कायमची. गॅरेजमध्ये उमेदवारी केली, मॉन्ट्रियलला जाऊन काम करता करता संध्याकाळच्या वर्गांत यंत्रांचं आणि विजेचं शिक्षण घेतलं. १९२६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वडिलांकडून पैसे उसने घेऊन त्याने वाल्कूरमध्ये स्वतःचं गॅरेज टाकलं. तीन वर्षांत ते पैसे फेडले. हातात जादू होती, त्यामुळे उन्हाळ्यात गिऱ्हाइकांची कमी नव्हती.

हिवाळ्यात मात्र मोटारीच बंद, म्हणजे कामही बंद. ते महिने जोसेफ आपल्या प्रयोगांना द्यायचा.

गाडी बर्फात रुतते कशामुळे?

कोकणात भाताची लावणी पाहिलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. चिखलात साध्या टायरचा पॉवर टिलर घातला की तो जागेवरच फिरत बसतो आणि खाली खाली जातो. म्हणून चिखलणीच्या वेळी टायर काढून लोखंडी रुंद चाकं लावतात.

बर्फाचंही तेच. इंजिन कितीही ताकदवान असो, अडचण ताकदीची नसते. अडचण असते वजन किती जागेवर पडतंय याची.

दीड टनाची मोटार घ्या. तिचे चारही टायर जमिनीला जेवढे टेकतात ती जागा प्रत्येकी साधारण तळहाताएवढी. सगळं वजन त्या चार तळहातांवर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर दोन-अडीच किलोचा भार. भुसभुशीत बर्फ एवढं वजन पेलत नाही. सत्तर किलोचा माणूस बुटांवर उभा राहिला तर हा भार दोनशे ग्रॅमच्या आत येतो, तरी तो गुडघ्यापर्यंत खचतो. तोच माणूस लांब स्कीच्या फळ्यांवर उभा राहिला की भार तीस ग्रॅमच्या आसपास उतरतो आणि तो बर्फावर तरंगल्यासारखा सरकतो.

म्हणजे गाडीला फळीसारखं पसरट करायचं, पण ती पुढेही ढकलली गेली पाहिजे. याचं उत्तर आज आपण रस्त्याच्या प्रत्येक कामावर बघतो. पोकलेनच्या चाकांभोवती जो अखंड पट्टा असतो, तो यासाठीच. गाडी स्वतःचा रस्ता स्वतःच पुढे अंथरते आणि मागून गुंडाळून घेते.

ही कल्पना जोसेफची नव्हती. ब्रिटनच्या कॅप्टन स्कॉटने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर पट्ट्यावर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या होत्या. १९११ च्या जानेवारीत त्यातली एक जहाजावरून उतरवतानाच बर्फ फोडून समुद्रात गेली. उरलेल्या दोन्ही वाटेत बंद पडल्या. रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळणाऱ्या आडोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने रबरी पट्ट्यांच्या गाड्या बनवल्या होत्या. अमेरिकेत फोर्डच्या मोटारीला पुढे स्की आणि मागे पट्टे जोडायचं सामान विकत मिळायचं.

मग राहिलं काय होतं? राहिला होता तो क्यूबेकचा भुसभुशीत, खोल बर्फ. लोखंडी पट्टे जड असायचे. त्यांच्या सांध्यांत बर्फ भरायचा, गोठायचा आणि पट्टा अडकायचा किंवा चाकावरून उतरायचा. जोसेफ वर्षानुवर्षं याच्याशी झगडत होता. एक गाडी बनवायची, चालवायची, मोडायची, पुन्हा बनवायची.

दरम्यान १९२९ मध्ये त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव ईव्हॉन लाब्रेक. त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव ईव्हाँ.

१९३४ चा हिवाळा

त्या हिवाळ्यात दोन वर्षांच्या ईव्हाँच्या पोटात दुखू लागलं. अपेंडिक्सचा त्रास होता आणि तो पोटात पसरला. शस्त्रक्रिया गरजेची होती. हॉस्पिटल होतं शेरब्रुकला, सुमारे ५० किलोमीटरवर.

रस्ते बर्फाखाली होते. जाणार कसं?

गॅरेजमध्ये जोसेफची बर्फावरची गाडी होती, पण ती धावायच्या अवस्थेत नव्हती. बारा वर्षं ज्या एका गोष्टीच्या मागे हा माणूस लागला होता, तीच गोष्ट नेमकी हवी त्या दिवशी तयार नव्हती. ईव्हाँ गेला.

सोशल मीडियावर ही गोष्ट अनेकदा अशी सांगितली जाते की मुलगा गेला आणि त्या दुःखात बापाने गाडीचा शोध लावला. ते पूर्ण खरं नाही. जोसेफ पंधराव्या वर्षापासून याच कामात होता. मुलाच्या मृत्यूने त्याला नवी कल्पना दिली नाही. पण खरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे. उत्तर जवळ आलं होतं आणि उशीर झाला होता, तोही त्याच्याच घरात.

पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, ते उत्तर सापडलं.

सायकलच्या पुढच्या दातेरी चाकावर चेन बसते तसं एक दातेरी चाक त्याने लाकडाचं बनवलं आणि त्यावर रबर चढवलं. पट्ट्यासाठी त्याने जड लोखंडी कड्या वापरल्या नाहीत. दोन रबरी पट्टे समांतर ठेवले आणि त्यांना पोलादाच्या आडव्या पट्ट्यांनी शिडीसारखं जोडलं. चाकाचे दात त्या आडव्या पट्ट्यांत अडकायचे आणि पट्टा फिरायचा. रबर वाकतं, त्यामुळे बर्फ धरून बसत नव्हता. शिडीसारख्या मोकळ्या जागेतून तो खाली पडून जायचा. पट्टा हलका, रुंद आणि लवचिक. पुढे वळायला दोन स्की, मागे हे पट्टे.

ऐकायला साधं वाटतं, पण गाडी चालली ती यामुळेच. जून १९३७ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं.

डॉक्टर, टपाल आणि शाळेची पोरं

पहिली विक्रीची गाडी होती बी-७. बी म्हणजे बम्बार्डियर, सात म्हणजे सात माणसं. वरचा सांगाडा प्लायवूडचा, इंजिन मागच्या बाजूला. गिऱ्हाईक कोण होतं हे पाहिलं की गाडीचं मोल कळतं. डॉक्टर होते, टपाल नेणारे होते, स्टेशनवरून पाहुणे आणणारे हॉटेलवाले होते, रुग्णवाहिका चालवणारे होते. ज्यांना हिवाळ्यातही घराबाहेर पडावंच लागतं, असे सगळे.

मागणी इतकी वाढली की १९४१ च्या सुरुवातीला वाल्कूरमध्ये वर्षाला दोनशेहून जास्त गाड्या बनवू शकणारा नवा कारखाना उभा राहिला. त्यानंतर आली बी-१२. बारा माणसांची, गोलसर बांध्याची, जहाजाला असतात तशा गोल खिडक्यांची. १९४२ मध्ये रीतसर कंपनी स्थापन झाली.

तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. कॅनडात गाड्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. आपलं काम अत्यावश्यक आहे हे सिद्ध करणाऱ्यालाच गाडी मिळणार असा नियम झाला. जोसेफचा कारखाना सैन्याच्या कामाला लागला. युद्धाच्या काळात त्याच्या रचनेवर आधारलेल्या १,९०० हून जास्त पट्ट्याच्या गाड्या बनल्या.

युद्ध संपल्यावर त्याने सी-१८ ही मोठी गाडी काढली, खास शाळकरी मुलांसाठी. जिथे हिवाळा म्हणजे शाळा बंद असं समीकरण होतं, तिथे बर्फावरून शाळेची बस धावू लागली.

आपल्या मुलाला तो हॉस्पिटलात नेऊ शकला नव्हता. आता त्याच्या गाड्या इतरांच्या मुलांना हॉस्पिटलातही नेत होत्या आणि शाळेतही.

सरकारने रस्ते मोकळे केले आणि धंदा बसला

इथे गोष्टीला एक विचित्र वळण मिळतं.

१९४८ मध्ये क्यूबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फही हिवाळाभर हटवायचं धोरण घेतलं. लोकांसाठी याहून चांगली बातमी नव्हती. आता साधी मोटार जानेवारीतही गावाबाहेर पडू शकत होती. मग बर्फावरची महागडी गाडी कोण घेणार? बम्बार्डियरच्या गाड्यांची विक्री धाडकन खाली आली.

एक गोष्ट लक्षात घ्या. रस्ता नसताना चालणारी गाडी हा एक उपाय झाला, पण गावाला खरं तर हवा असतो तो रस्ताच. जोसेफची गाडी ज्या अडचणीवर उभी होती, ती अडचण सरकारने मनावर घेतल्यावर एका निर्णयाने सुटू शकत होती. त्याच्या मुलाच्या वेळी हा निर्णय झालेला नव्हता, एवढंच.

दुसरा कुणी असता तर रडत बसला असता. जोसेफने विचार फिरवला. माणसांच्या वस्तीतले रस्ते मोकळे झाले, पण जिथे रस्ता कधी होणारच नाही अशा जागा कॅनडात थोड्या नव्हत्या. जंगलं, दलदली, तेल शोधणाऱ्यांचे तळ, विजेच्या तारा टाकणाऱ्यांच्या वाटा. तिथे जाणार कोण?

१९५३ मध्ये त्याने मस्केग नावाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. मस्केग म्हणजे उत्तर कॅनडातली दलदल. पुढच्या स्की काढून टाकल्या, संपूर्ण गाडी रुंद पट्ट्यांवर ठेवली आणि मागे मोकळी जागा सोडली. त्यावर माल लादा, यंत्र बसवा, माणसं न्या, काहीही करा. बर्फ असो, चिखल असो, ट्रॅक्टर बुडत नव्हता.

मस्केग अंटार्क्टिकावरही पोहोचला. १९५७-५८ मध्ये ब्रिटनच्या व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने ९९ दिवसांत अख्खा अंटार्क्टिका खंड जमिनीवरून पार केला. तिच्या ताफ्यात अमेरिकन बनावटीच्या स्नो-कॅट गाड्यांच्या जोडीला एक मस्केगही होता. स्कॉटच्या मोटारी जिथे हरल्या होत्या, त्याच खंडात पट्ट्याच्या गाड्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत मजल मारली.

मागे ठेवलेलं स्वप्न

एक गोष्ट मात्र राहिली होती. पंधरा वर्षांच्या जोसेफला मोठी गाडी नको होती. एक-दोन माणसांना घेऊन बर्फावर पळणारी छोटी गाडी हवी होती. ती इतकी वर्षं जमली नाही, कारण तेवढं हलकं आणि भरवशाचं इंजिनच मिळत नव्हतं.

१९५० च्या दशकाच्या शेवटी तशी छोटी इंजिनं मिळू लागली. शिवाय त्याचा मुलगा जर्मेन याने जोड नसलेला अखंड रबरी पट्टा तयार करण्यात मोठा वाटा उचलला. दोन गोष्टी जुळल्या आणि १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. आपण जिला स्नो स्कूटर म्हणतो, तीच ही गाडी. नाव आधी स्की-डॉग ठरलं होतं, कारण ती कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणार होती. अक्षर चुकलं आणि डॉगचं डू झालं, असं सांगतात.

सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक जोसेफने मॉरिस उइमे या आपल्या धर्मगुरू मित्राकडे पाठवली. ते ऑन्टारिओच्या उत्तरेला, आदिवासी वस्तीत काम करत होते आणि कुत्र्यांच्या घसरगाडीने फिरत होते. बघता बघता उत्तरेकडच्या वस्त्यांत शिकारी, मासेमार, टपालवाले या गाडीवर आले.

पहिल्या हंगामात २२५ गाड्या विकल्या गेल्या. १९६३-६४ च्या हंगामात आठ हजारांच्या वर. शहरातले लोक ती मौजेसाठी घेऊ लागले होते. जोसेफला मात्र धास्ती होती की ही हौस चार दिवसांची निघेल. १९४८ चा दणका त्याच्या लक्षात होता. त्यामुळे त्याने कामाच्या गाड्यांवरचं लक्ष हलू दिलं नाही.

ही हौस पुढे किती वाढली, ते बघायला तो राहिला नाही. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने त्याचं निधन झालं. वय अवघं ५६. त्याच्या नावावर चाळीसहून जास्त पेटंट्स होती.

वाल्कूरपासून चर्चगेटपर्यंत

त्याच्यानंतर कंपनी आधी जर्मेनने आणि मग जावई लोरां बोदवाँ याने सांभाळली. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, स्नो स्कूटरचा बाजार आटला आणि कंपनीने मॉन्ट्रियलच्या मेट्रोचे डबे बनवायचं काम घेतलं. तिथून रेल्वे, मग विमानं. वाल्कूरच्या गॅरेजचं नाव जगभर गेलं.

मार्च २०१५ मध्ये, कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, मुंबईत नव्या लोकल धावू लागल्या. त्यांची विद्युत यंत्रणा बम्बार्डियर कंपनीची होती, म्हणून मुंबईकरांनी गाडीचंच नाव बम्बार्डियर ठेवलं. पुढे २०२१ मध्ये कंपनीचा रेल्वे विभाग आल्स्टॉमने विकत घेतला. स्की-डू त्याआधीच, २००३ मध्ये, वेगळ्या कंपनीकडे गेली होती.

पण जोसेफचं मूळ काम रेल्वेत नाही, ते त्या पट्ट्यात आहे. कॅनडात गोठलेल्या तळ्यांवर मासेमारी करणारे लोक आजही सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या जुन्या बी-१२ चालवतात. काश्मीरमध्ये गुलमर्गला पर्यटक स्नो स्कूटरवर बसतात, ती स्की-डूचीच भावंडं.

आणि खारेपाटणवरून जाणारा महामार्ग धरून खाली गोव्यात गेलात तर वास्कोला भारताचं ध्रुवीय संशोधन केंद्र लागतं. अंटार्क्टिकावरच्या मैत्री या भारतीय तळाचा कारभार तिथून चालतो. किनाऱ्याच्या बर्फावर उतरवलेलं इंधन आणि सामान सुमारे शंभर किलोमीटर आत मैत्रीपर्यंत न्यायला पिस्टनबुली नावाच्या जर्मन बनावटीच्या पट्ट्याच्या गाड्या असतात. कंपनी वेगळी, पण गणित तेच. वजन पसरवा, बर्फ झटकून टाका, पुढे चला.

वाल्कूरमध्ये आज जोसेफच्या नावाचं संग्रहालय आहे. त्याचं जुनं गॅरेजही तिथे जपून ठेवलंय. १९३४ च्या हिवाळ्यात ज्या गॅरेजमध्ये गाडी अर्धवट पडून होती, तेच हे गॅरेज.

ज्या गावाची वाट वर्षातून एकदा तरी बंद होते, त्या गावाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वाट बंद असली की पन्नास किलोमीटरवरचं हॉस्पिटल असून नसल्यासारखं होतं. मग कुणीतरी त्यातून जाणारी गाडी बनवायची, नाहीतर कुणीतरी वाट मोकळी ठेवायची. वाल्कूरमध्ये दोन्ही झालं. फक्त ईव्हाँसाठी दोन्ही उशिरा झालं.